शेवटचं ताट

दुपारची भांडी उरकून जरा टेकला असाल तर बरंच आहे. आणि हातात शेंगा फोडायचं नाहीतर निवडण-टिपणाचं काम असेल, तर तेही चालू द्या. ऐकायला कान पुरतात.

आज मला जेवणाविषयी बोलायचं आहे. पण कुठली नवी भाजी कशी करायची, हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला बोलायचं आहे ते ताटाविषयी. घरात कुणाचं ताट आधी वाढलं जातं, कुणाचं शेवटी, आणि त्या शेवटच्या ताटात काय असतं, याविषयी.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. गप्पा चालल्या होत्या, तेव्हा मी सहज विचारलं, "काल रात्री कुणाच्या घरी काय जेवण होतं?" एक जण सांगायला लागली. मालकांनी दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याचं कालवण होतं, वर वाटीभर दूध. थोरल्यानं तीन चपात्या खाल्ल्या, त्याला भाकरी आवडत नाही. सासूबाईंना दात नाहीत, म्हणून मऊ भात केला होता. धाकटीनं निम्मं टाकलं. मी म्हटलं, "आणि तू काय खाल्लंस?" तर ती गप्प झाली. कालचीच गोष्ट, पण तिला आठवेना. मग हसून म्हणाली, "खाल्लं की काहीतरी. उरलं होतं ते."

आम्ही चौदा जणी होतो. मी एकेकीला विचारत गेले. घरातल्या बाकी सगळ्यांचं जेवण प्रत्येकीच्या तोंडपाठ होतं. स्वतःचं विचारलं की अकरा जणींचं उत्तर एकच, उरलं ते.

मला माझी आई आठवली. आम्ही घरात सात माणसं. ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि आम्ही तव्यावरची गरम भाकरी खायचो. वडील आधी, मग आम्ही भावंडं. तिची जेवायची वेळ व्हायची तोवर दुरडीत एखादी मोडकी भाकरी राहिलेली असायची. आमटीच्या पातेल्यात थोडं पाणी घालून, हलवून, ती बुडाचं काढून घ्यायची. वडिलांच्या उष्ट्या ताटातच वाढून घ्यायची. आम्ही कधी म्हटलं, आई, तुला भाकरी कमी पडली का, तर म्हणायची, "मला भूकच नाही गं." मैत्रिणींनो, हे वाक्य मी कितीतरी वर्षं खरं मानलं. रोज दहा हंडे पाणी वाहणाऱ्या बाईला भूक नसते, हे मला खरं वाटत होतं!

मी शाळेत इतिहास शिकवला. राजे, लढाया, सनावळ्या पाठ करून घेतल्या. निवृत्त झाल्यावर मात्र मला दुसराच इतिहास वाचावासा वाटला. वेगवेगळ्या देशांतल्या साध्या घरांत रोजचं जेवण कसं होत होतं, आणि त्यात बाई कुठं बसत होती, हा इतिहास. ही रीत आपल्याकडचीच आहे, की सगळीकडं अशीच होती? त्यातल्या काही गोष्टी आज तुम्हाला सांगते.

आधी जपानला जाऊ. जपानमधल्या जुन्या शेतकरी घरांत खोलीच्या मधोमध, जमिनीतच एक चौकोनी चूल असायची. तिला इरोरी म्हणतात. वरून आकड्याला भांडं टांगलेलं, आणि चारी बाजूंनी घरची माणसं बसलेली. पण कुणी कुठंही बसायचं नाही. एक बाजू घरच्या कर्त्याची. एक पाहुण्याची. एक घरच्या बाईची, म्हणजे सासूची. आणि चौथी बाजू, जिथून चुलीत लाकडं सारतात ती. त्या जागेला 'किजिरी' म्हणत, म्हणजे लाकडाचं बूड. तिथं बसायचा घरातला गडी, नाहीतर नवी सून. जागेवरूनच कळायचं की या घरात हिचा नंबर कितवा.

त्याच घरातली दुसरी गोष्ट ऐका. भात वाढायचा लाकडी पळा असतो, शामोजी म्हणतात त्याला. तो सासूच्या हातात असायचा. कुणाला किती भात, हे सासू ठरवणार. सासू थकली की एके दिवशी ती तो पळा सुनेच्या हातात देई. त्या दिवसापासून घरचा कारभार सुनेचा. आपल्याकडं किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून कमरेवर जायचा, तसंच हे. तेव्हा लक्षात ठेवा, वाढायचा पळा ही साधी वस्तू नाही. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात घरातल्यांचं पोट.

आता पार दुसऱ्या टोकाला, उत्तर अमेरिकेत जाऊ. आज जिथं न्यूयॉर्क राज्य आहे, त्या भागात इरोक्वॉय नावाचे मूळ रहिवासी लोक राहतात. ते स्वतःला हौदेनोसौनी म्हणतात, म्हणजे लांब घरात राहणारे. पूर्वी त्यांची घरं खरंच लांबलचक असायची, एकेका घरात अनेक कुटुंबं, आणि घराणं आईवरून चालायचं. शेती बायका करायच्या. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावायच्या. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढायचा, भोपळ्याची पानं जमीन झाकायची. लुईस हेन्री मॉर्गन नावाच्या अभ्यासकानं या लोकांच्या घरांविषयी आणि घरातल्या व्यवहाराविषयी 1881 मध्ये पुस्तक छापलं. तो लिहितो, दिवसातून एकदाच स्वयंपाक व्हायचा. पुरुष आधी जेवायचे आणि बायका-मुलं मागून.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तिथंही तेच! पण थांबा. तिथं धान्याचा साठा बायकांच्या ताब्यात असायचा. किती शिजवायचं, किती राखून ठेवायचं, हे म्हाताऱ्या बायका ठरवायच्या. पुरुषांना लढाईवर जायचं असेल तर वाटेची शिदोरी बायकांकडूनच मिळायची, आणि बायकांनी ती दिली नाही तर मोहीम अडायची. शिवाय भांड्यात अन्न असायचं, ज्याला भूक लागेल त्यानं दिवसभरात कधीही खावं. म्हणजे ती बाई मागून जेवायची, पण कमी जेवत होती असं नाही. मागून जेवणं एक, आणि उरलेलं जेवणं वेगळं. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. ज्या घरात धान्यावर बाईचा हात असतो, तिथं मागून जेवूनही तिचं पोट भरतं. जिथं तिला फक्त रांधायचं काम असतं, तिथं तिच्या वाट्याला बूड येतं.

आता तिसरी गोष्ट. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्याच गल्लीतलं चाललं आहे.

जागा आहे लंडन. आपल्यावर राज्य करणाऱ्या साहेबाच्या राजधानीतली लॅम्बेथ नावाची कामगारांची वस्ती. वर्षं 1909 ते 1913. तिथं काही शिकलेल्या बायकांच्या मंडळानं एक काम हाती घेतलं. मॉड पेंबर रीव्ज त्यांच्यात पुढं होत्या. त्या वस्तीतल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांना दूध द्यायचं, आणि दर आठवड्याला घरी जाऊन हिशेब पाहायचा. घरात पैसे किती आले, कशावर गेले, कोण काय जेवलं. ज्यांना लिहिणं जमत नव्हतं, त्यांचा हिशेब घरातल्या कुणीतरी लिहिला. त्या हिशेबांवरून रीव्जबाईंनी 1913 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक', म्हणजे आठवड्याला साधारण एक पौंड. त्या घरांची कमाईच तेवढी.

हे नवरे दारुडे नव्हते, बरं का. मुद्दाम अशीच घरं निवडली होती, जिथला माणूस रोज कामाला जातो आणि पगार घरी आणतो. पैसे आले की आधी घरभाडं, मग कोळसा. मग मुलांच्या अंत्यविधीच्या विम्याचा हप्ता. हो, दर आठवड्याला चार आणे-दोन आणे बाजूला काढावेत तसे पैसे त्या आया मुलांच्या मातीसाठी भरत होत्या, कारण मुलं दगावायची आणि पुरण्याचा खर्च झेपायचा नाही. एवढं सगळं जाऊन जे उरेल, त्यात जेवण.

आणि जेवण कसं? मुख्य अन्न पाव. सोबत बटाटे. रविवारी मटणाचा एखादा तुकडा यायचा. तो मुख्यतः घरधन्यासाठी. मुलांना बटाट्यावर त्याचा रस्सा. आठवडाभर नवऱ्याच्या ताटात पावासोबत काहीतरी चवीचं, एखादा मासा नाहीतर मटणाचा तुकडा. बायको आणि मुलं पावाला चरबी नाहीतर मार्गारीन लावून खायची आणि वर चहा प्यायची. बायकोचं जेवण म्हणजे पाव आणि चहा. मी हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आपल्या बायका आल्या, सकाळी चहात शिळी भाकरी बुडवून खाणाऱ्या आणि त्यावर दुपारपर्यंत खुरपणाऱ्या.

असं का? नवरे दुष्ट होते म्हणून? रीव्जबाईंचं म्हणणं तसं नव्हतं. नवऱ्याच्या अंगात ताकद राहिली नाही तर त्याचं काम जाईल, आणि काम गेलं तर सगळं घर उपाशी. म्हणून जी बाई हिशेब करायची, तीच स्वतःचं ताट कापायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे कमी असले की बाई आधी स्वतःच्या ताटातून काढते. आणि रांधणं, धुणं, मुलं, बाळंतपणं, हे तिचं काम कुणी कामात धरत नव्हतं. त्यामुळे तिच्या अंगातल्या ताकदीचा विचार कुणाच्या डोक्यातच येत नव्हता.

त्याच काळात तिथं कामगारांच्या बायकांची एक सहकारी संघटना होती, विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड. त्यांनी आपल्या सभासद बायकांना सांगितलं, तुमच्या बाळंतपणात काय घडलं ते लिहून पाठवा. त्यातली 160 पत्रं 1915 मध्ये पुस्तकरूपानं छापली. कितीतरी जणींनी लिहिलं होतं की सुइणीचे पैसे साठवायचे म्हणून पोटुशी असताना आम्ही आमच्याच खाण्यात काटकसर केली. घरात नवऱ्याला कळूसुद्धा दिलं नाही. मैत्रिणींनो, या बायका आपापल्या घरात गप्प होत्या. एकत्र येऊन लिहिल्यावर त्यांना कळलं की हे प्रत्येकीच्या घरात आहे.

आता पुढचं ऐका, कारण गोष्ट इथं संपत नाही. तिथल्या सरकारनं 1911 मध्ये कामगारांच्या विम्याचा कायदा केला. त्यात बाळंतपणासाठी 30 शिलिंग मिळू लागले. पण पैसे मिळणार नवऱ्याच्या हातात. या गिल्डच्या बायका त्यासाठी भांडल्या. बाळंत कोण होतं? मग पैसे कुणाचे? आणि 1913 मध्ये कायदा बदलला. ते 30 शिलिंग आईचे झाले.

पुढं दुसरं महायुद्ध आलं. इंग्लंडला बरंच धान्य बाहेरून, बोटींतून येत होतं, आणि बोटी बुडत होत्या. तेव्हा 8 जानेवारी 1940 पासून तिथं रेशन सुरू झालं. आपलं रेशन कार्ड कुटुंबाचं असतं. त्यांचं पुस्तक प्रत्येक माणसाचं वेगळं होतं. बाईच्या नावाचं वेगळं, तान्ह्या मुलाच्या नावाचं वेगळं. लोणी, साखर, चहा, मटण, जे काही असेल त्यात घरच्या बाईचा वाटा तिच्या नावानं कागदावर आला. आणि गरोदर बाईला हिरव्या रंगाचं पुस्तक. ते दाखवलं की तिला रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध स्वस्तात मिळायचं, आणि अगदी गरीब असेल तर फुकट. पुढं संत्र्याचा रस आणि माशाचं तेलही मिळू लागलं. रेशनमध्ये काही चैन नव्हती, एका माणसाला आठवड्याला 2 औंस चहा, म्हणजे जेमतेम साठ ग्रॅमसुद्धा नाही. पण युद्ध संपलं तेव्हा, एवढे बॉम्ब पडूनही, तान्ही मुलं दगावण्याचं प्रमाण युद्धाच्या आधीपेक्षा कमी झालं होतं. त्याची कारणं अनेक आहेत, पण आईच्या पोटात नेमानं दूध गेलं, हे त्यातलं एक.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. पुस्तकावर नाव आलं, तरी स्वयंपाकघरात वाढणारा हात तोच होता. कितीतरी बायका आपल्या वाट्याचा मटणाचा तुकडा नवऱ्याच्या नाहीतर मुलांच्या ताटात सारतच राहिल्या. सरकार दारापर्यंत अन्न आणू शकतं. दारापासून ताटापर्यंतचा रस्ता आपल्यालाच करावा लागतो.

बाहेरच्या देशांचं पुष्कळ झालं. आता आपल्या देशात येऊ. पंगत हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. गावात लग्न असलं की पंगती बसतात. आणि शेवटची पंगत कुणाची? बायकांची. तोवर आमटीत पाणी पडलेलं असतं, भजी संपलेली असतात, आणि वाढपी पोरं म्हणतात, "मावशी, जिलेबी जरा कमीच हाय." हसू येतं ना? पण हाच पंगत शब्द पंजाबात शीख लोकांनी वेगळ्या अर्थानं वापरला. पाचशे वर्षांपूर्वी गुरू नानकांनी लंगर सुरू केला. दुसरे गुरू अंगददेव, त्यांची पत्नी माता खीवी. लंगरची व्यवस्था त्या पाहायच्या, आणि गुरू ग्रंथसाहिबमध्ये त्यांचं नाव आदरानं आलेलं आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी नेम घातला, आधी पंगतीत बसून जेवा, मग भेटायला या. राजा असो की भिकारी, बाई असो की बाप्या, एकाच रांगेत, जमिनीवर, एकच अन्न.

आणि हे बघायला पंजाबात जायला नको. आपल्या नांदेडला हुजूर साहिबच्या गुरुद्वारात कधीही जा. तुमच्या शेजारी कोण बसलं आहे, हे कुणी विचारत नाही. पुरुष पोळ्या लाटतात, भांडी घासतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका दाढीवाल्या आजोबांनी वाकून माझ्या हातावर पोळी ठेवली, आणि मला काय करावं ते सुचेना. साठ वर्षांत मला माझ्या घरातल्या कुठल्याच पुरुषानं वाढलं नव्हतं.

आपल्याकडचीही एक आठवण सांगते. 1972 चा दुष्काळ तुमच्यापैकी थोरल्या बायकांना आठवत असेल. लाल मिलोच्या भाकरी, आणि बाया-बापे सगळे खडी फोडायला, नाला बांधायला. मी तेव्हा लहान होते. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. आई ती पदरात बांधून घरी आणायची आणि आम्हा भावंडांना वाटायची. आम्ही वाटच बघत असायचो तिची. आम्हाला सुकडी गोड लागायची. ती कुणाच्या वाट्याची होती, हे आम्हाला कुठं कळत होतं? दिवसभर खडी फोडलेल्या बाईचं ते खाणं आम्ही खाल्लं. त्याबद्दल आज मी आईला दोष देत नाही आणि स्वतःलाही नाही. पण घरी आलेलं अन्न बाईच्या पोटात जातंच असं नाही, हे मला तिथून शिकायला हवं होतं.

आपल्या राज्य सरकारनं 2015 मध्ये आदिवासी भागांत अमृत आहार योजना सुरू केली. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण, गरम जेवण मिळतं. ती तिथंच बसून जेवते, बाकी बायकांबरोबर. यामागचं कारण तुमच्या ध्यानात आलंच असेल. पाकीट घरी दिलं की ते सगळ्या घराचं होतं. ताट समोर ठेवलं की ते तिचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं दुसऱ्याचं सांगितलंत, तुमच्या घरात काय? सांगते. हे सांगायला मला जड जातं, पण सांगितलं नाही तर बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

माझी सून पहिल्या वेळी गरोदर होती. सातव्या महिन्यात तपासणीला गेलो. नर्सताईंनी बोटाला टोचून रक्त काढलं. हिमोग्लोबिन निघालं साडेसात. अकरा तरी हवं. नर्सताईंनी तिला विचारलं, "काय काय खातेस?" सुनेनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं पाहिलं. बस्स, तेवढंच. ती एक शब्दही बोलली नाही. पण मला सगळं कळलं. मी मास्तरीण. शाळेत मुलींना आहाराचा तक्ता शिकवलेली. आणि माझ्या घरात पळी माझ्याच हातात होती. मुलाला, मालकांना, नातवंडांना, आल्यागेल्याला मी वाढत होते. सून भाकरी करत होती. शेवटी आम्ही दोघी बसायचो, आणि मी म्हणायचे, "आपण दोघी काय, भागवू की." मी भागवत होते माझ्या सवयीनं. ती भागवत होती माझ्या धाकानं.

पुढं गोळ्या झाल्या, शिरेतून औषध झालं, बाळंतपण नीट पार पडलं. नात झाली, पण वजन दोन किलो दोनशे ग्रॅम. दोन महिने आमचा जीव टांगणीला होता. आज ती शाळेत जाते, धावते, भांडते. पण मी ते सुनेचं बघणं विसरले नाही.

देशभराच्या आरोग्य पाहणीचे 2019 ते 2021 या काळातले आकडे आहेत. 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 57 जणींच्या अंगात रक्त कमी. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात 25. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायका यात येतात. पाळी, बाळंतपणं, जंत, अशी कारणं आहेत. पण ताट हेही कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे.

मग आम्ही घरात काय केलं? आधी ठरवलं, सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचं. दोन दिवसांत मोडलं. मालकांना तव्यावरची भाकरी हवी, मग करणारी उठणार, म्हणजे पुन्हा तेच. तेव्हा दुसरी रीत काढली. सगळ्या भाकरी आधी करायच्या, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, आणि मग सगळ्यांची ताटं एकदम वाढायची. मालक आठ दिवस कुरकुरले. नवव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "सूनबाईचं ताट कुठाय?" सवय मोडायला आठ दिवस लागले. चाळीस वर्षं मी त्याला रीत म्हणत होते.

त्यातून शिकलेल्या चार गोष्टी तुम्हाला सांगते. पैसा लागत नाही यांना.

पहिली. आधी वाटणी, मग वाढणी. पातेल्यात आमटी आहे, दुधाचं भांडं आहे, चार अंडी आहेत, तर पहिलं ताट वाढायच्या आधी सगळ्यांचे वाटे मनात नाही, वाट्यांत काढा. घरात माणसं सहा आणि अंडी चार असतील, तर फोडून पोळा करा आणि सहा तुकडे करा. आमटी वाढताना पळी तळापासून फिरवा, म्हणजे डाळ सगळ्यांना आणि पाणीही सगळ्यांना. शेतातून कुणी उशिरा येणार असेल, तर तिचं ताट आधी झाकून ठेवा.

दुसरी. घरात गरोदर किंवा बाळंतीण असेल, तर तिचं ताट पहिलं. लाज वाटते, सासरे बसलेत, लोक काय म्हणतील, हे सगळं खरं. पण हे तिनं मागून घ्यायचं नाही, सासूनं वाढायचं. सासूनं वाढलं की कुणी काही म्हणत नाही.

तिसरी. जेवणाला लागून चहा नको. चहामुळं अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. तासभर जाऊ द्या. लोहाची गोळी तर चहाबरोबर मुळीच नको. भाजीवर, वरणावर लिंबू पिळा, नाहीतर आवळा खा. त्यानं लोह जास्त लागतं. बाजरी, हिरव्या पालेभाज्या, मटकी, हरभरा, हळीव, तीळ, हे आपल्याच घरातलं आहे.

आणि चौथी, मुलगी. बारा-तेरा वर्षांची पोर तुमच्याकडं बघून शिकते. तुम्ही रोज म्हणालात, मला भूक नाही, तर तीही म्हणायला शिकेल. भावाच्या ताटात जेवढं, तेवढंच तिच्या ताटात पडू द्या. आणि मुलाला पाणी, ताटं घ्यायला लावा, वाढायला शिकवा. नांदेडच्या त्या आजोबांना जमतं, तर आपल्या पोरांना का जमू नये?

मागं राहून खाण्याला आपण माया म्हणत आलो. माया आहेच, मी नाही म्हणत नाही. माझी आई मायेनंच उपाशी राहिली. पण तिच्या हातचं आम्हाला अजून वीस वर्षं खायला मिळायला हवं होतं. ती पंचावन्नाव्या वर्षी गेली. शेवटच्या वर्षात तिला चार पावलं चाललं तरी धाप लागायची.

आमच्या गटाची पुढची बैठक आता पंधरा दिवसांवर आली आहे. मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे, काल रात्री तू काय जेवलीस? चौदा जणींनी आपलं उत्तर घेऊन यायचं ठरलं आहे. तुम्हीही आज रात्री एक करा. पातेल्याचं झाकण काढलंत की आधी आपली वाटी बाजूला काढून ठेवा. आणि उद्या सकाळी शेजारणीला भेटलात, तर तिला विचारा. उरलं ते खाल्लं, असं म्हणाली, तर तिला माझं हे बोलणं ऐकवा.

येते. जेवून घ्या वेळेवर. नमस्कार.